गच्चीवरचं आभारप्रदर्शन

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत विज्ञानाला तोटा नाही. टाकीत पाणी का चढत नाही, यावर बोलणारा शास्त्रज्ञ मजल्यागणिक सापडतो. खरी भौतिकशास्त्राची प्राध्यापक मात्र एकच, माझी बायको. पार्ल्याच्या कॉलेजात तिने जन्मभर शिकवलं, पण बिल्डिंगमध्ये तिची ख्याती अळूवड्यांची. तारे आणि दीर्घिका कशा तयार होतात यावर संध्याकाळी गच्चीवर बोलाल का, असं सेक्रेटरीने विचारलं आणि ती हरखून तयारीला लागली. या लोकांनी एकदा तरी आपलं ऐकावं, असं तिने मला बोलून दाखवलं होतं.

दीप लावल्याशिवाय सुरुवात करायची नाही, हा आमचा शिरस्ता. दीप लावणारे पाहुणे म्हणजे रिडेव्हलपमेंटवाले बिल्डर. ते आरामात उगवले आणि आकाशाला टेकणाऱ्या टॉवरवर भरपूर बोलले. मग सत्कार. आमच्याकडे पुरुषाला शाल आणि बाईची ओटी. त्यामुळे शाल माझ्या खांद्यावर पडली आणि जिचं व्याख्यान तिच्या पदरात नारळ. मी काय केलं होतं, तर लॅपटॉप वर आणून ठेवला होता. मला लाज वाटली आणि संतापही आला.

शेवटी ती उभी राहिली. नारळ बाजूला ठेवून सांगू लागली, की अवकाशात वायूचे अवाढव्य ढग असतात, गारठलेले. स्वतःच्याच वजनाने ते आत ढासळतात आणि मधला गोळा दाबला जाऊन तापत जातो. लोक चक्क ऐकत होते. पुढच्या आजोबांनी मोबाइलसुद्धा खिशात टाकला. तेवढ्यात जिन्यातून बटाटेवड्यांचं पातेलं वर आलं. वडे गार होतील या काळजीने सेक्रेटरीने तिच्या हातातला माईक घेतला आणि 'मिसेसना वेळ काढू दिल्याबद्दल' माझे जाहीर आभार मानले. सगळी गच्ची पातेल्याकडे वळली. दीर्घिका लॅपटॉपमध्येच राहिल्या. ती वायर गुंडाळत बसली.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये आम्हा दोघांना सेक्रेटरी भेटला. मी काहीतरी झोंबणारं बोलणार होतो, पण त्याआधी तोच तिला म्हणाला, "वहिनी, झकास बोललात. पण तो गोळा तापला, पुढे तारा पेटला कसा, ते काय सांगितलंत नाय."

"पेटणारच होता," ती म्हणाली. "त्याच्या आधीच तुम्ही आभार मानलेत."