दुसऱ्या दिवशीचा सूर्य

गुलाम रसूलचाचांना स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं. गडचिरोलीत त्यांचं वेल्डिंगचं दुकान. उडालेल्या लोखंडी कणानं डावा डोळा कधीच गेला होता, आणि १९९९ च्या पावसाळ्यात उजव्यासमोरही धुकं यायला लागलं. त्याच ऑगस्टमध्ये खग्रास सूर्यग्रहण आमच्या भागातून दिसणार होतं.

मी तेव्हा पॉलिटेक्निकला होतो. मीच त्यांना सांगितलं, की १८६८ च्या ऑगस्टमध्ये असंच ग्रहण पाहायला एक फ्रेंच शास्त्रज्ञ सिरोंच्याच्याही खाली, आंध्रात गुंटूरला आला होता. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा उजेड त्यानं लोलकातून पाहिला, तर चमकत्या रेषा दिसल्या. त्या ज्वाळांतली पिवळी रेष आधी सोडियमची वाटली. पुढे ती नव्याच मूलद्रव्याची ठरली. हेलियम.

"म्हंजे फुग्यातला गॅस पहिले सूर्यावर सापडला?" चाचा म्हणाले. "मले त्या ज्वाळा पाहाच्या हायेत, प्रफुल. हा डोळा हाये तोवर."

ग्रहणाच्या दिवशी दुपारपासून आभाळ गच्च. चाचा सारखे आत-बाहेर. शेवटी एका गिऱ्हाइकाचं फाटक अर्धवट टाकलं, वेल्डिंगची काळी काच खिशात घातली आणि राजदूतला किक मारली.

"बस मांगं. चामोर्शीकडं उजेड दिसून राह्यला."

"चाचा, ढग लय मोठा हाये."

"बस ना बे!"

दारातून अमिनाचाची ओरडल्या, "एका डोळ्याचा माणूस, अन् अंधारात गाडी चालवाले चालला!"

ग्रहण म्हणून लोक घरात, रस्ता रिकामा. चामोर्शीच्या अलीकडे, धानाच्या बांध्यांत, सहाच्या सुमारास अंधार पडला. बगळे उडाले. सूर्य ढगाआडच. "कुठी हाये? कुठी हाये?" चाचा मान फिरवत राहिले. मिनिटभरात उजेड परत आला.

परतताना ते मान वळवून पुन्हा पुन्हा ढगाकडे पाहत होते. मग म्हणाले, "त्या फ्रेंचवाल्यानं मंग काय केलं? गाठोडं बांधलं?"

"नाई. रेषा इतक्या ठळक होत्या, का त्याले वाटलं, ग्रहणाशिवायबी दिसतीन. दुसऱ्या दिवशी लोलक लावलेली दुर्बीण सूर्याकडं वळवली. दिसल्या."

चाचांनी करकचून ब्रेक मारला. "अन् हे तू आता सांगून राह्यला?"

"त्याच्याजवळ दुर्बीण होती, चाचा. आपल्याजवळ काय हाये?"

सकाळी ढग फाटले. दुकानासमोर चाचा डोळ्यावर काच धरून उभे होते, आणि फाटकवाला मागे उभा राहून बडबडत होता.

"दिसल्या ज्वाळा?" मी विचारलं.

"नाई. गोल तेवढा सापडला. काचीतून हिरवा दिसते." काच न काढताच त्यांनी माझं मनगट पकडलं. "नागपूरची बस किती वाजता हाये रे? दुर्बीण तिथीच भेटन ना?"