शोकसभेतली भेग

शोकसभेत माणूस काय करतो? रडतो. फार तर दोन शब्द बोलतो आणि खाली बसतो. आणि मी काय केलं? अख्खी शोकसभा पळवून लावली! हसू नका, आधी ऐका तरी.

मी इंजिनिअर. राहते यवतमाळला, जुन्या इमारती मजबूत करणं हे माझं काम. नेरजवळच्या एका गावात मुलींची शाळा आहे, तिथल्या मुख्याध्यापिका प्रमिलाबाई. शाळेच्या हॉलचे खांब पार पोखरले होते. पोपडे पडून आतले गंजके गज दिसत होते. जो तो म्हणे, पाडून टाका. पाडलं की नवा हॉल कधी होणार, देव जाणे! तोवर पोरी बसणार उन्हात. म्हणून बाईंनी मला बोलावलं.

मी नमुन्याची एक पातळ पट्टी नेली होती. ती दोन विटांवर आडवी ठेवली आणि म्हटलं, "बाई, या सिमेंटमध्ये बारीक तंतू असतात. साधं काँक्रीट भार वाढला की काडकन तुटतं. हे लवतं. भेगा पडतात, पण केसाएवढ्या, आणि तंतू त्यांना धरून ठेवतात. खांबांचं सैल काँक्रीट काढायचं, गजांचा गंज घासायचा आणि भोवती याचा थर चढवायचा."

बाईंनी चपला काढल्या आणि सरळ त्या पट्टीवर उभ्या राहिल्या! पट्टी वाकली, मोडली नाही.

"लवते व माय!" त्या हसल्या. मग एकदम गंभीर झाल्या. "पन पोरींच्या डोक्यावर त नाही ना पडन? मले शब्द दे."

मी दिला.

खांब झाले. त्या हॉलमध्ये बाईंनी एक गॅदरिंग डोळे भरून पाहिलं आणि थंडीत एका सकाळी झोपेतच गेल्या. शोकसभा ठेवली ती त्याच हॉलमध्ये. मुली, त्यांच्या आया, सारं गाव. पुढे खांबाला टेकून टेबलावर बाईंचा हार घातलेला फोटो. बाजूला त्यांचे यजमान, नानाजी, हात जोडून बसलेले.

मला बोलायला सांगितलं. मी पट्टीची गोष्ट सांगितली. वर ठणकावून म्हटलं, "या खांबांवर कधी बारीक रेघ दिसली तर घाबरू नका. तो त्यांचा स्वभाव आहे." बोलता बोलता मात्र रडू फुटलं. चष्मा ओला झाला, तो काढून पर्समध्ये टाकला.

मग श्रद्धांजलीसाठी सगळे उभे राहिले. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. मी डोळे पुसले आणि समोर पाहिलं.

फोटोमागच्या खांबावर रेघ!

केसाएवढी नाही हो, चांगली ठसठशीत. आणि तांबूस! तांबूस म्हणजे गंज. म्हणजे आतला गज फुगला. म्हणजे मी दिलेला शब्द गेला! तरी मनाला समजावलं, बघ नीट. नीट बघितलं, तर रेघ वर सरकत होती. डोळ्यांदेखत वाढत होती!

"बाहेर! सगळे बाहेर पळा!"

माझाच आवाज. मग काय विचारता! खुर्च्या पडल्या, आया पोरींना ओढत निघाल्या. कोणी ओरडलं, "भूकंप आला!" नानाजींनी आधी बाईंचा फोटो छातीशी धरला, मगच ते दाराकडे वळले. चहाच्या टपरीवर बातमी पोचली तोवर "हॉल बसला" झालं होतं. बाजारातून बाप लोक धापा टाकत आले.

"माही पोरगी कोठी हाये?"

"हे काय, इथंच हाये! रडू नको ना आता!" पोरीला पुढे करत तिची आई म्हणाली.

तो रडणारा बाप पाहिला आणि मी दाराकडे वळले. दुसऱ्या कोणाला आत पाठवायचं? शब्द मी दिलेला. म्हटलं, "टेकू द्यायला बल्ल्या आणा," आणि एकटीच आत गेले.

"नोका जाऊ मॅडम!" मागून बाया ओरडल्या.

हॉल रिकामा. छताकडे बघत, मनातल्या मनात बाईंची माफी मागत मी खांबापाशी पोचले. भेग किती खोल आहे ते पाहायला तिच्यावर अलगद बोट ठेवलं.

भेग मला चावली.

हो, चावली! कडकडून! मी चष्मा शोधून लावला. लाल मुंग्या. कोणीतरी प्रेमानं फोटोपुढे पेढे ठेवले होते, आणि बशीपासून पार छतापर्यंत शिस्तीत रांग लागली होती. खांबावर? खांबावर एक ओरखडा नव्हता.

बाहेर सारं गाव श्वास रोखून उभं. काय सांगणार? खरं ते सांगितलं.

मग नानाजींचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडून राह्यले. फोटोत तोंड लपवून ते हसत होते! "बाई गेल्यापासून पहिल्यांदा हासलो व पोरी," म्हणाले आणि फोटो घेऊन सगळ्यांच्या आधी आत शिरले. त्यांच्यामागून गाव आलं. बायांनी मुंग्यांच्या रांगेवर हळद टाकली आणि श्रद्धांजली पुन्हा पहिल्यापासून झाली.

हॉल आजही ठणठणीत आहे. पण नेरच्या बाजूला कोणाच्या घराला तडा गेला, की मला फोन येतो, "मॅडम, पाहाले येता का, का आधी हळद टाकून पाहू?"