नावाआधीचं टिंब

घर झाडते तसा मी लॅपटॉपही झाडते. दुबार आलेले फोटो, कुणीकुणी पाठवलेले सुप्रभात, सगळं काढून टाकायचं. लेकीनं नवा घेतला तेव्हा हा जुना माझ्याकडं आला. ती परदेशी गेली आणि मी मोबाईलवर बघून बघून प्रोग्राम लिहायला शिकले. शाळा माझी सातवीपर्यंतच. पण आमच्या युसूफ वडगाव या गावात आळीला नळ कोणत्या दिवशी येणार हे सांगणारा प्रोग्राम माझा आहे, बरं का. बायका दारातून हाक मारतात, "मावशी, इचारा की तुमच्या डब्याला, पाणी कवा हाय?"

मी ज्यात लिहिते त्या सॉफ्टवेअरमध्ये, मी शिकावं म्हणून लेकीनं जाण्याआधीच एक सोय करून ठेवली होती. 'आई'ची तीन इंग्रजी अक्षरं टाइप करायची, टॅबची कळ दाबायची, की प्रोग्रामचा सांगाडा आपोआप उमटायचा. त्याच्या डोक्यावर मराठीत एक ओळ यायची. मशीन ती ओळ वाचत नाही, ती माणसासाठी असते. 'आई, घाई करू नको. च्या झाला का?' मी रोज मोठ्यानं म्हणायची, "झाला गं." मग ओळ पुसून कामाला लागायची. उत्तर द्यायला घरात दुसरं विचारतंय कोण?

तर त्या दिवशी झाडताना एक फोल्डर दिसला. नावाच्या आधीच टिंब. आता टिंब तर वाक्याच्या शेवटी येतं. ज्याची सुरुवातच टिंबानं, ते कधीचं संपलेलं असणार, असं मला वाटलं. काढून टाकलं. कचऱ्याची पेटीपण रिकामी केली. केर काढून दारात ठेवायची सवय मला नाही.

दुसऱ्या दिवशी तीन अक्षरं लिहिली, टॅब दाबली. कर्सर मुकाट चार घरं पुढं सरकला. बस.

पुन्हा दाबली, पुन्हा चार घरं. वाटलं कळच अडकली, म्हणून ओल्या फडक्यानं पुसली. सॉफ्टवेअर बंद करून उघडलं, लॅपटॉप बंद करून उघडला. काही नाही. शेवटी लॅपटॉप कापडी पिशवीत घातला आणि जीपमध्ये बसून तालुक्याचं गाव केज गाठलं.

दुरुस्तीच्या दुकानदारानं विचारलं, "नातवाची गेम बंद पडली का, आज्जी?"

"न्हाई रे बाबा, माझा प्रोग्राम."

त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा पडद्याकडं. सॉफ्टवेअर नव्यानं टाकलं. तरी टॅब तशीच मुकी. मग त्यानं खरा प्रश्न विचारला. "बंद पडायच्या आधी काय काय डिलीट केलं?"

मी टिंबाचं सांगितलं.

"आवं आज्जी, तुमच्या कामाची समदी सेटिंग त्यातच असती! टिंब म्हंजे हात लावू नका."

"मंग तसं लिवायचं की! टिंब कावून देतेत?"

"पेटी पण रिकामी केली?"

"केली."

"लई स्वच्छ हाव तुमी," तो म्हणाला, आणि पैसे घेतले नाहीत.

रविवारी लेकीचा फोन आला. तिच्याकडं भांड्यांचा आवाज चालू होता. मी म्हटलं, "तुझी ओळ येईना गेली गं."

"कुठली ओळ?"

"टॅब दाबल्यावर यायची ती. च्याची."

"मी लिहिली होती? चाचणी म्हणून टाकलं असेल काहीतरी. तू नवी लिही ना आई, तुला येतं की आता."

"येतं की," मी म्हटलं. मग ती काय जेवली ते विचारलं.

फोन ठेवल्यावर जुने प्रोग्राम एकेक करून उघडले. प्रत्येकात डोक्यावरची ओळ मी माझ्या हातानं पुसलेली. सगळ्यात पहिला प्रोग्राम राहिला होता, कधीच न चाललेला. तेव्हा ती ओळ पुसता येते हेच मला माहीत नव्हतं. हात लावला तर सगळं बिघडेल, अशी भीती. त्यामुळं तिथं ती होती, अख्खी.

मग दुसऱ्या दिवशी सकाळपासून बसले. नवा फोल्डर केला, नावाआधी टिंब दिलं. त्यात लेकीची ओळ अक्षर न् अक्षर उतरवली, तिनं 'च्या' लिहिला तसाच. एक स्वल्पविराम राहिला म्हणून तासभर अडले. दुपार कलली तेव्हा तीन अक्षरं लिहून टॅब दाबली.

ओळ आली.

"झाला गं" म्हणायला तोंड उघडलं, आणि ध्यानात आलं, आज झालाच नव्हता. उठून आधण ठेवलं. ओळ तशीच राहू दिली. प्रोग्रामला तिचा काही त्रास नसतो.