बदकं टप्प्यात येईपर्यंत

किस्से काही ठरवून जमवता येत नाहीत. आमच्या स्वयंपाकघरात सिंकखालच्या कपाटात सुपरमार्केटच्या पिशव्या जमतात ना, तसे ते जमतात. एकीत दुसरी कोंबत जायची आणि एक दिवस दार उघडलं की सगळ्या अंगावर! आमच्या तळ्यावरच्या मंडळींचे किस्से माझ्याकडे असेच कोंबलेले आहेत. आज दार उघडते. सगळेच हसण्यासारखे नाहीत, हे आधीच सांगते.

तळं सिंगापुरात, सेंगकांगच्या पलीकडे, आमच्या ब्लॉकपासून चालत जाण्यासारखं. रविवारी उजाडताना आम्ही तिथे जमायचो. माझा नवरा शिरीष, चांगी बिझनेस पार्कात आयटीत आहे, त्याला कॅमेऱ्याचं वेड. मी त्याचं स्टूल आणि चहाचा थर्मास सांभाळणारी. लिम अंकल इथलेच, निवृत्त टॅक्सी ड्रायव्हर. मंजिरी, युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक करणारी नाशिकची मुलगी. आणि नाना.

नाना म्हणजे शिरीषचा मित्र अभिजित, त्याचे वडील. ऐंशीला टेकलेले, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. नानी गेल्या, पुण्याचं घर विकलं आणि ते मुलाकडे आले. तरुणपणी, बंदी यायच्या आधी, ते मामांबरोबर बदकांच्या शिकारीला जायचे. सिंगापुरात बंदूक सोडाच, साधी गलोलही कोणाच्या हातात दिसत नाही. पण त्या शिकारीचे सगळे नियम नानांनी आमच्या कॅमेऱ्यांना लावले!

*

पहिल्याच रविवारी नाना आले ते हात मागे बांधून, इन्स्पेक्शनला आल्यासारखे. आम्ही सगळे पूर्वेकडच्या काठावर बसलो होतो. लिम अंकलनी हातभर लांब लेन्सवर हिरवं-खाकी कापड गुंडाळलं होतं आणि स्वतः डोक्यावर पिवळीधमक टोपी घातली होती.

नाना माझ्या कानाशी म्हणाले, "लेन्स लपवलीय आणि डोकं पेटवलंय!"

मग त्यांनी चार गवताच्या काड्या तोडून हवेत सोडल्या. "सगळे चुकीच्या काठावर बसलात."

शिरीष म्हणाला, "अहो नाना, इकडून उजेड चांगला मिळतो."

"उजेड तुम्हाला लागतो. बदक वारा बघून उतरतं, वाऱ्याकडे तोंड करून. वारा आपल्या पाठीकडून हवा, म्हणजे ते आपल्याकडे बघत येतं."

आम्ही कुरकुरत स्टुलं उचलून पलीकडे गेलो. थोड्या वेळाने अडईंचा थवा आला. अडई म्हणजे शीळ घालणारं तपकिरी बदक. पंख पसरून, पाय पुढे काढून, अगदी आमच्या तोंडासमोर उतरली!

लिम अंकल टोपी काढून म्हणाले, "वा! धिस अंकल पॉवर लाह!"

 घरी जाऊन शिरीषने आधीचे सगळे फोटो पुन्हा पाहिले. वर्षभर आम्ही बदकांच्या फक्त शेपट्या काढत होतो!

*

एकदा एकाच बदकाचा, एकाच क्षणाचा फोटो शिरीष आणि लिम अंकल दोघांनी काढला. पाण्याला पाय टेकतानाचा. आता ग्रुपवर आधी टाकायचा कोणी? दोघेही चिडले. मंजिरी मध्ये पडली, तर दोघेही तिच्यावर चिडले.

नानांनी आपल्या ऑफिसच्या इंग्रजीत दोघांना समोर बसवून सांगितलं. शिकारीत दोन बंदुका एकदम उडाल्या आणि एकच पक्षी पडला, तर वयाने मोठा असतो त्याने लगेच म्हणायचं, 'तुझाच बार लागला.' आणि धाकट्याने म्हणायचं, 'छे, तुमचाच.' एवढं झालं की मग पक्षी कोणीही उचलावा.

लिम अंकल जरा विचार करून शिरीषला म्हणाले, "ओके. युअर्स."

शिरीष म्हणाला, "नो नो अंकल, युअर्स."

"युअर्स लाह!"

"नो अंकल, रिअली!"

तो फोटो अजून दोघांच्याही फोनमध्ये पडून आहे. ग्रुपवर कोणीच टाकला नाही.

*

नानांना अडईची शीळ हुबेहूब यायची. दोन सुरांची, जरा घोगरी. शिकारीत बदकांना जवळ बोलवायला शिकलेली.

एका रविवारी बदकं लांब बसली होती, म्हणून त्यांनी ती घातली. बदकं काही आली नाहीत. जॉगिंग करणारी एक बाई मात्र थबकली, परत फिरली आणि कमरेवर हात ठेवून नानांसमोर उभी राहिली! "अंकल, यू कॅनॉट व्हिसल लाइक दॅट, हॉर!"

नाना उठून उभे राहिले. "मॅडम, आय वॉज कॉलिंग द डक."

झालं! 'डक' कोणाला म्हणाले, हे समजावून सांगता सांगता शिरीषला घाम फुटला. शेवटी लिम अंकलनी मोबाइलवर अडईचा आवाज लावून दाखवला, तेव्हा ती बाई तोंडावर हात ठेवून हसत सुटली.

ती गेल्यावर मंजिरी हळूच म्हणाली, "नाना, आता त्यांची घरटी आहेत. अशी शीळ ऐकली की त्यांना वाटतं दुसरं कोणी जागेवर हक्क सांगायला आलंय. उगाच धावपळ होते त्यांची."

"असं होय? मग बंद," नाना म्हणाले. आणि खरंच बंद. पुन्हा कधी घातली नाही.

पुढे एकदा मी म्हटलं, "नाना, घरी तरी घाला की. छान वाटते ऐकायला."

ते म्हणाले, "अगं, घरी ती नानीला बोलवायची शीळ होती. परसात असली की मी ओट्यावरून घालायचो. आता कोणाला बोलावू?"

मी थर्मासचं झाकण उगाचच घट्ट करत बसले.

*

शिरीषने एकदा खोदून खोदून विचारलं, "नाना, शिकार सोडली कशी? काही मनाला लागलं का?"

आम्ही सगळे सरसावून बसलो. मोठा प्रसंग ऐकायला मिळणार!

"कायदा आला," नाना म्हणाले.

"हो, पण आतून काही वाटलं असेल ना?"

"कायदा आला. मामांनी बंदूक पुसली, तेल लावलं आणि जाऊन पोलिसांत जमा केली. मी सायकलवर मागे बसलो होतो."

"बस? एवढंच?"

"एवढंच. नाही म्हटलं की थांबायचं."

मंजिरीने लिम अंकलना हे इंग्रजीत सांगितलं. अंकलनी नानांकडे फार आदराने पाहिलं आणि म्हणाले, "वा! व्हेरी सिंगापोरियन!"

*

मंजिरी गेली त्याचा किस्सा अगदी छोटा आहे.

तळ्यावर लाकडी फळ्यांची एक भिंत आहे, तिला फटी आहेत. मराठीत तिला लपण म्हणतात, हे मला नानांनी सांगितलं. नियमही त्यांचाच: लपणातून उठून जायचं असेल तर निरोप घ्यायचा नाही, हात हलवायचा नाही. वाकून मागच्या मागे निघून जायचं, म्हणजे समोरचे पक्षी उडत नाहीत आणि बाकीच्यांची सकाळ फुकट जात नाही.

मंजिरीचं प्रोजेक्ट संपत आलं होतं, हे आम्हाला माहीत होतं. पुढे कुठे, ते तिलाच माहीत नव्हतं. एका रविवारी ती आमच्यात बसली होती. थालीपीठ खाल्लं, बोटं पुसली. थोड्या वेळाने पाहिलं तर जागा रिकामी. वाटलं, लॅबमध्ये काम असेल. त्याच आठवड्यात ग्रुपवर ओळ आली. मंजिरी ग्रुपमधून बाहेर पडली. तेवढीच. फोन लावला तर नंबर बंद.

मला रडू आलं. शिरीष चिडला. "एवढी वर्षं एकत्र बसलो, साधं सांगता येत नाही?"

नाना तिच्या रिकाम्या जागेकडे बघत होते. "पोरगी शिकली," ते म्हणाले. "एक पक्षी उडाला नाही."

लपणात आता जागाच जागा होती. पूर्वी कोपरं लागायची.

*

मग अभिजितची नोकरी गेली. ऑफिस तांजोंग पगार भागात, अगदी वरच्या मजल्यावर. एका सकाळी पूर्ण टीमला मीटिंगला बोलावलं आणि दुपारी सगळे खाली फुटपाथवर. इथे नोकरी गेली की राहण्याचा पास जातो, आणि मुलाचा पास गेला की बापाचाही. सुदैवाने त्याला युरोपात काम मिळालं. पण तिथे बायको-मुलं नेता येणार होती, वडिलांना नाही. नानांसाठी त्याने पुण्यात एक वृद्धाश्रम ठरवला.

ठरवलं खरं, पण नानांना सांगणार कोण?

अभिजित आमच्या ब्लॉकखाली येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली. "वहिनी, तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतात ते. मी समोर बसलो की तोंडच उघडत नाही माझं."

मी 'बघते' म्हटलं. शिरा केला, डबा भरला आणि नाना बागेतल्या बाकावर बसतात तिथे गेले. सगळी वाक्यं जुळवून नेली होती. नानांनी शिरा चाखला, म्हणाले, "वेलची छान लागतेय." मी म्हटलं, "हो, ताजी आहे." माझी जुळवलेली वाक्यं तिथेच संपली!

नानाच मग म्हणाले, "अभिने मला नवा चष्मा करून दिला. दाढ दुखत नव्हती तरी डेंटिस्टकडे नेलं. आणि काल स्वेटर आणला, सुलभा. जाड, उंच गळ्याचा." ते माझ्याकडे वळले. "सिंगापुरात स्वेटर!"

मी डब्याकडे बघत राहिले.

"तुला पाठवलंय ना त्याने?"

"हो."

"मग तू मला काही सांगितलेलं नाहीस. मी काही ऐकलेलं नाही."

"पण नाना, तो झुरतोय हो. तुम्हाला कळलंय, एवढं तरी त्याला सांगू का?"

"नको. ते त्याचं त्याला सांगू दे. मी आधी बोललो तर जन्मभर त्याला वाटत राहील, बापाला सांगण्याचीसुद्धा हिंमत झाली नाही." त्यांनी डबा झाकून माझ्या हातात दिला. "बदक टप्प्यात यायच्या आधी लपणातून उठायचं नसतं. पाय कितीही आखडले तरी."

ती मंडळी निघायला दोन रविवार उरले होते. पहिल्या रविवारी नाना एकटेच आले. मी डोळ्यांनीच विचारलं. त्यांनी मान हलवली. नाही.

*

आणि हा शेवटचा रविवार.

अभिजित इतक्या वर्षांत एकदाही तळ्यावर आला नव्हता. त्या दिवशी बापाच्या मागोमाग आला. डोळे लाल. निजायला जातो आणि छताकडे बघत पडून राहतो, असं त्याच्या बायकोने मला सांगितलं होतं. मी माझं स्टूल त्याला दिलं. तो नानांना अगदी चिकटून बसला.

"नाना, मला तुमच्याशी जरा..."

"बस आधी. पाणी शांत होऊ दे," नाना म्हणाले.

आम्ही चेहरे फटींना लावून समोर बघत राहिलो. पाण्यावर धुकं नव्हतं, पण आभाळ खाली आलेलं, सगळं राखाडी.  काही वेळाने पाहिलं तर अभिजितची मान लवली होती. मग कलंडली आणि नानांच्या खांद्यावर टेकली. गाढ झोप! लहान मुलासारखं तोंड उघडं.

नेमकी तेव्हाच अडईंची जोडी आली. मागे पिल्लांची रांग. लपणाच्या पायथ्याशी, हात लांब केला तर लागतील इतक्या जवळ. डोळ्याभोवतीचं बारीक पिवळं कडंसुद्धा दिसत होतं. एवढ्या वर्षांत इतक्या जवळ कधी आली नव्हती.

लिम अंकलनी श्वास रोखला आणि लेन्स फटीत घातली. नानांनी खांदा तसाच ठेवला, दुसरा हात लांब केला आणि लेन्सवर तळवा ठेवला.

"नो. साउंड."

अंकल कुजबुजले, "अंकल, बर्ड नेव्हर माइंड लाह. बर्ड यूज्ड टू."

"नॉट बर्ड," नाना म्हणाले.

अंकलनी अभिजितकडे पाहिलं. मग कॅमेरा मांडीवर घेतला आणि लेन्सला झाकण लावलं. शिरीषनेही आपला खाली ठेवला. पिल्लं आमच्यासमोर किती तरी वेळ पोहत होती आणि एकानेही फोटो काढला नाही.

बदकं निघून गेली. ऊन वर आलं. लपणात गरम व्हायला लागलं. नाना हलले नाहीत. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, तो पुसायला मी रुमाल पुढे केला तर त्यांनी डोळ्यांनीच नको म्हटलं.

अभिजित दचकून उठला. हनुवटी पुसली. "आली का बदकं?"

"येऊन गेली."

तो पाण्याकडे बघत राहिला. मग बघता बघताच म्हणाला, "नाना, पुण्यात एक जागा बघून ठेवली आहे मी तुमच्यासाठी. माणसं चांगली आहेत. मला तिकडे... तुम्हाला मी तिकडे..."

नाना आखडलेला खांदा चोळत होते.

"खिडकीजवळची कॉट सांग," ते म्हणाले.