वानखडेंची वही उतरवायला वरवट बकालला

निघताना साहेब एवढंच म्हणाले, "वहीशिवाय येऊ नका."

गोष्ट सत्तरच्या दशकातली. शुक्राकडे गेलेल्या एका परदेशी यानाच्या नोंदींच्या टेप आमच्या मुंबईच्या संस्थेत जतन करायच्या होत्या. कुठला आकडा कुठल्या उपकरणाचा, कुठली नोंद खराब, हे माझ्या शेजारच्या टेबलावरच्या वानखडेंनी दोन वर्षं तपासून एका वहीत टिपलं होतं. काविळीच्या रजेवर जाताना ती वही त्यांनी गावी नेली. तिथेच ते गेले. वहीशिवाय त्या टेप म्हणजे नुसते आकडे.

सकाळी मलकापूरला उतरलो. स्टेशनबाहेर गरम भजी खाऊन घ्या, पुढे जळगाव जामोदपर्यंत काही मिळत नाही. तिथे एसटी बदलायची. दोन्ही बाजूंना काळ्या रानात कपाशी, उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. गाडीत माझ्याशी कुणी बोललं नाही, मीही नाही.

वरवट बकालला घर लगेच सापडलं. वानखडेंच्या पत्नी सुमनवहिनींनी पाणी दिलं.

"तुमी त्याईचे दोस्त काय?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी पेटीतून वही काढली, पण हातातून सोडेनात. "नेऊ नोका, भाऊ. मले वाचता येत नाही, पण त्याईचं अक्षर एवढंच उरलं."

मग तिथेच ओसरीवर बसून दोन दिवस वही उतरवली. वहिनी समोर कापूस निवडत बसायच्या. "आता काय लिवलं हाये?" त्या विचारायच्या. मी तापमानाचे आकडे वाचून दाखवायचो. त्या मान डोलवायच्या.

दुसऱ्या दुपारी एका समासात ओळ सापडली: 'आजही एकटाच जेवलो.' तारीख पाहिली. त्या दिवशी मी त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसलेलो होतो. ती ओळ मी वहिनींना वाचून दाखवली नाही.

निघताना वहिनींनी भाकरी-ठेचा बांधून दिला. मला राहवलं नाही. "वहिनी, मी त्यांचा दोस्त नव्हतो. शेजारी बसायचो फक्त."

"मालूम हाये मले. शाळेचे मास्तर त्याईची पत्रं वाचून दाखवत. तुमचं नाव कधी आलं नाही त्यात."

"मग ठेवून काऊन घेतलं?" 'का'च्या जागी त्यांच्याकडचा 'काऊन' माझ्या तोंडी आला.

"कोणीतरी तर आलं," त्या म्हणाल्या.

मुंबईत टेप आणि माझी नक्कल एकत्र कपाटात गेली. साहेब खूश झाले. शेजारच्या टेबलावर नवा माणूस यायला आठ महिने लागले. तो आला त्याच दुपारी मी त्याला त्याचं गाव विचारलं.