साखरांब्याची राखण

एप्रिल महिन्यात जालन्यात राहून अंगात उन्हाची कमतरता निघालेला मी आमच्या खानदानातला पहिला माणूस. वडिलांनी घनसावंगीजवळच्या शेतात उभा जन्म उन्हात काढला. मी बावीस वर्षं एका सरकारी कार्यालयात पंख्याखाली काढली (पंखा बंद पडला तेवढे दिवस रजा घेतली). त्याचं फळ रिपोर्टात आलं.

डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. व्हिटॅमिन डी तळाला गेलं होतं आणि साखर डायबेटिसच्या उंबरठ्यावर येऊन बसली होती. डी कमी असलेल्यांना साखरेचा धोका जास्त दिसतो, असं त्यांनी समजावलं. आठवड्याला एक पुडी, रोज चालणं, सकाळी अर्धा तास ऊन, गोड बिलकुल बंद, आणि महिन्याने पुन्हा तपासणी.

माझ्या बायकोला, सुनंदाला, अर्धा तास नुसता बसलेला नवरा बघवत नाही. त्याच दिवशी तिने गच्चीवर साखरांब्याची बरणी ठेवली होती. आमच्याकडे साखरांबा गॅसवर शिजवत नाहीत. किसलेली कैरी आणि साखर काचेच्या बरणीत भरायची, तोंडाला मलमलचं फडकं बांधायचं आणि महिनाभर उन्हात ठेवायची. यंदा शेतातल्या म्हाताऱ्या आंब्याला जेमतेम टोपलीभर कैऱ्या लागल्या, म्हणून बरणी एकच झाली. तीही पुण्याला जायची होती. आमची मेघा तिथे असते. पहिलटकरीण, पाचवा महिना, तोंडाला कशाची चव नाही. फोनवर रोज एकच विचारायची, "आई, झाला का गं साखरांबा?"

"तुमाला ऊन पाहिजे, बरणीला राखण पाहिजे," सुनंदा मला म्हणाली. "बसा बराबर बरणीपाशी."

पहिले दोन दिवस मी प्रामाणिक होतो. अंगात बनियन, खाली लुंगी, हातात काठी. तिसऱ्या दिवशी मात्र ऊन पाठीवरून हळूहळू डोळ्यांत उतरलं. साखर विरघळायला लागली होती. ऊन बरणीतून आरपार यायचं आणि माझ्या लुंगीवर मधाच्या रंगाचा एक कवडसा हलत राहायचा. त्याच्याकडे बघता बघता मला शेत दिसायचं, तो आंबा दिसायचा, आणि त्याच्याखाली खिशात मिठाची पुडी घेऊन बसलेला मी. वडील लांबून हाक मारायचे. मी "आलो" म्हणायचो आणि जागा व्हायचो, तेव्हा माझं बोट तोंडात असायचं. फडक्याची गाठ कोण सोडायचं, देव जाणे. मला खरोखर आठवत नाही (हे पुढे कोणीच मानलं नाही).

बरणी उतरायला लागली. सुनंदाला आधी वाटलं, ऊन कडक आहे, पाक आटत असेल. मग तिने कावळ्यांवर संशय घेतला. फडकं सोडून पुन्हा गाठ मारणारा कावळा कसा असेल, हा प्रश्न मी काढला नाही. तिने माझी राखण अर्ध्या तासाची एक तास केली. बरणी जितकी उतरायची तितकी राखण वाढायची, आणि राखण वाढली की बरणी आणखी उतरायची! शेवटी मी डोक्यावर ओलं उपरणं घेऊन दोन-दोन तास बसू लागलो.

शेजारच्या गच्चीवर गहू निवडणाऱ्या मावशी हे सगळं बघत होत्या. एकदा म्हणाल्या, "भाऊ, राखण चांगली चालू हाय." मी डाव्या हातानेच त्यांना नमस्कार केला. उजवा चिकट होता.

महिन्याने तपासणी झाली. व्हिटॅमिन डी वर आलं होतं. साखरही वर आली होती. सुनंदा डॉक्टरांवरच उखडली.

"तुमच्या उन्हानंच साखर वाढली यांची. घरात हे गोडाला हात लावत न्हाईत."

डॉक्टरांनी विचारलं, ऊन कसं घेता? मी तोंड उघडायच्या आत ती अभिमानाने म्हणाली, "दोन-दोन तास बसतेत. बरणी राखतेत."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "कशाची बरणी?"

सुनंदा उत्तर द्यायला गेली आणि मधेच थांबली. मग तिने सावकाश मान वळवून माझ्याकडे बघितलं. सव्वीस वर्षांच्या संसारात तिने मला इतकं पूर्ण कधी ओळखलं नव्हतं.

घरी आलो. गच्चीवर जाऊन तिने बरणी उन्हासमोर धरली. तळाला चार बोटं साखरांबा होता.

"पोरीनं एकच चीज मागितल्ती," एवढंच ती म्हणाली.

मला फार लाज वाटली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मेघाला फोन मीच लावला आणि सगळं कबूल केलं. पलीकडून हसू ऐकू आलं.

"राहू द्या बाबा. तळाचाच सगळ्यात मुरलेला असतो. तेवढाच पाठवा," ती म्हणाली. "पण आईजवळ द्या. तुम्ही घेऊन येऊ नका."

चार बोटं साखरांबा आईच्या मांडीवर बसून पुण्याला गेला.

ऊन माझं अजून चालू आहे. आता गच्चीवर माझ्यासमोर सांडगी मिरच्या वाळत असतात. मिरच्यांवर मी लक्ष ठेवतो आणि माझ्यावर मावशी. काल त्यांनी कठड्यावरून सुनंदाला हाक मारली, "सुनंदा, मिरच्या कमी होऊन राह्यल्या गं."

"कावळे," मी म्हणालो, आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.