मोठ्या मायचं झाड

परवा कोणीतरी मला विचारलं, "तुम्ही कधी कॅम्पिंग केलंय का हो?" मी म्हटलं, केलंय ना बाप्पा, दरवर्षी चैत्रात केलंय. भात शिजवायचा गंज, घमेलं, पिठाची थैली, कोंबडीसकट केलंय. फक्त त्याला कॅम्पिंग म्हणतात हे आमाले कोणी सांगितलं नव्हतं.

आमच्या गावाला लागून मोठा जुना तलाव आहे आणि तलावाच्या पोटात झाडीनं भरलेली एक टेकडी. चारी बाजूंनी पाणी. जायचं तर मासे धरणाऱ्या ढिवराच्या डोंग्यात, म्हणजे खोड कोरून केलेल्या नावेत बसून. त्या टेकडीवर माझ्या मोठ्या मायचं मोहाचं झाड होतं. मोठी माय म्हणजे थोरल्या काकाची बायको. काका वारला तेव्हा काठावरची सोयीची झाडं दिरांनी आपसात वाटून घेतली आणि हे पाण्यापलीकडचं तिला ठेवलं. दिरांत माझा बापही आला, ते लपवून काय करू? पण त्या एका झाडाच्या वाळवून विकलेल्या फुलांवर तिचं वर्षाचं मीठ-मिरची, तांदूळ, लुगडं निघायचं. कोण्या दिराच्या दारात ती वाटी घेऊन उभी राहिली नाही. त्याचा तिला मोठा ताठा होता, आणि असायलाच पाहिजे होता.

मोहा वेचायचा तर आधी झाडाखालचा पालापाचोळा जपून जाळायचा, मग खराट्यानं झाडत राहायचं. फुलं पहाटे गळतात, ती मातीत मिसळता कामा नये. आमच्याकडे झाडाखाली झाडलेली भुई दिसली की समजायचं, हे झाड कोणाचं तरी आहे. तिथे कोणी चप्पल घालून पाय ठेवत नाही. हे कोणाला शिकवावं लागत नाही, दोन वर्षांच्या लेकराला कळतं.

मी नववीत होते त्या वर्षाची गोष्ट. टेकडीच्या टोकाला फांद्यांची खोप बांधून मी आणि मोठी माय राहत होतो. नात्यात लग्न होतं म्हणून एक दिवस गावात आलो आणि दुसऱ्या सकाळी डोंग्यातून परतलो, तर झाडाखाली तंबू! शहरातल्या कुठल्याशा निसर्गमंडळाची पोरं-पोरी आणि त्यांचे सर. दोर खोडाला बांधलेले, खुंट्या झाडल्या भुईत ठोकलेल्या, आणि चैत्राच्या रखरखीत उन्हात तंबूभोवती पावसाचं पाणी जायला नाल्या खणलेल्या! बुटांखाली फुलांचा चिखल झालेला. एक पोरगी मला कौतुकानं सांगते, "बघ ना, निसर्गानं कसं छान अंगण करून ठेवलंय!"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. निसर्गानं? माझ्या मोठ्या मायची कंबर धरली होती त्या अंगणापायी!

मोठी माय मात्र हात जोडून सरांना म्हणाली, "भाऊ, तंबू थोडे तिकडे घ्या ना. मोहा पडून राह्यला."

सर म्हणाले, "बाई, जंगल सरकारचं आहे. आम्ही परवानगी काढून आलोय."

"मंग झाडून काऊन नाई ठेवलं सरकारनं?" मी म्हटलं.

सर हसले. "चुणचुणीत आहे हो तुमची पोरगी." आणि माझ्या हातात बिस्किटांचा पुडा दिला. मी तो तिथंच खाली टाकला. मोठी माय दोरांच्या मधून वाकत, तंबूच्या पाठीवरून फुलं वेचायला लागली, तर सरांनी तिचा फोटो काढला. विचारलं नाही, सांगितलं नाही. वर पुन्हा ऐकवलं, "उद्यापासून उजाडल्यावर या बरं का. पहाटे मुली झोपलेल्या असतात." स्वयंपाकाची चूल त्यांनी फांदीखालीच मांडली होती. त्या बाजूच्या कळ्या धगीनं करपून गेल्या.

मोहाचा भर असतो मोजक्या दिवसांचा. दुसरी पहाट ऐन भराची होती. आम्ही खोपीत टोपल्या घेऊन बसलो, उजाडायची वाट पाहत. आपल्याच झाडाखाली जायला! मी चडफडत होते. मोठी माय म्हणाली, "राहू दे वं. पाव्हणे आहेत, जातीन."

उजाडल्यावर गेलो. भुई लख्ख. एक फूल नाही.

त्या दिवशी पोरींना पहाटेच उठवून त्यांचं श्रमदान उरकलं होतं. सरांनी सांगितलं होतं म्हणे, जागा स्वच्छ ठेवा. पोरींनी आमचाच खराटा घेऊन तोवर गळलेला सगळा मोहा, पानं, कागद एकत्र लोटले आणि तलावात ढकलून दिले. ती कालची पोरगी घामाघूम होऊन हसत पुढं आली. "बाई, तुमची जागा झाडून दिली आम्ही!"

मोठी माय लुगडं खोचून पाण्यात उतरली. गाळात रुतत, कमरेइतक्या पाण्यात टोपली बुडवून फुलं उपसायला लागली. भिजलेला, चिखलानं माखलेला मोहा, वाळवला असता तरी कुजलाच असता. तिलाही ते कळत होतं. काठावर पोरं जमली. सर म्हणाले, "अहो, फुलंच तर होती ती!" मी सरांना काय काय बोलले ते इथे लिहिता येत नाही, पण मला त्याचा आजही पस्तावा नाही.

मोठी माय टोपली तिथंच पाण्यात रिकामी करून वर आली. त्या पोरीजवळ थांबली. म्हणाली, "हात साफ आहे वं पोरी तुया. एक फूल नाई ठेवलं." पोरीला वाटलं, शाबासकीच मिळाली.

राहिलेल्या दिवसांत जे गळलं ते दोन टोपल्याही झालं नाही.

त्या श्रावणात एका दुपारी आमची जेवणं चालली होती. दारात कोणीतरी उभं आहे असं वाटलं म्हणून मी वर पाहिलं. मोठी माय होती. हाक मारली नाही, आत आली नाही. पदराखाली वाटी धरली होती आणि नजर खाली, आमच्या झाडलेल्या अंगणाकडे.